आमची वाटचाल : उटण्यापासून फेसवॉशपर्यंत

पुण्यात धायरीतलं आमचं छोटं युनिट सुरू झालं ते उटण्यावर. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी दळून वस्त्रगाळ करायची आणि दिवाळीआधी सोसायट्यांमधून विकायची. पण दिवाळी सरली की बायका विचारायच्या, "आता रोज काय वापरू?" त्यातल्या बऱ्याच वाघोली, उंड्रीकडच्या. बोअरचं किंवा टँकरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट थर धरतं. त्यात साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ९ ते १०, त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५. चेहरा ओढल्यासारखा वाटणारच. म्हणून रोजचा, साबण नसलेला फेसवॉश करायचं ठरवलं.

सगळे म्हणाले, रिठा घाला. रिठा केसांना चांगला, पण डोळ्यांत गेला तर काय आग होते ते घरोघरी माहीत आहे. नैसर्गिक म्हणजे सौम्य, हे आम्हाला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आम्ही मळ काढणारा घटक म्हणून डेसिल ग्लुकोसाइड निवडलं. नारळाच्या किंवा पामच्या तेलातून आलेलं फॅटी अल्कोहोल आणि मक्यासारख्या पिष्टातली साखर यांपासून ते बनतं. त्वचेला सहज सोसणारं आहे, पण ड्रममधून येतं तेव्हा त्याचा पीएच ११ च्या वर असतो! सायट्रिक अॅसिड थोडं थोडं घालत तो ५ च्या आसपास आणावा लागतो. आमचं सोडियम बेंझोएट, म्हणजे टिकवणारा घटक, अशा आम्लधर्मी द्रावणातच नीट काम करतं. त्यामुळे पीएच मोजल्याशिवाय आमच्याकडे एकही बॅच भरली जात नाही. सल्फेटवाली (नेहमीच्या शाम्पूंसारखी) द्रावणं मिठाने घट्ट होतात, हे होत नाही. मग झँथन गम, म्हणजे घट्टपणा आणणारा डिंक, तोही आधी ग्लिसरीनमध्ये कालवून, नाहीतर गुठळ्या.

परवाना, लेबलं, बॅच नंबर ही कामं वेळखाऊ, पण सरळ. अवघड होतं ते फेसाचं. "फेसच येत नाही, स्वच्छ कसं होणार?" स्टॉलवर हे सतत ऐकू यायचं. फेस आणि स्वच्छता या वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगून पटत नाही, म्हणून आम्ही टेबलावर पीएचच्या पट्ट्या ठेवल्या. साबणाच्या पाण्यात एक, आमच्या फेसवॉशमध्ये एक. रंग बघून लोक स्वतःच प्रश्न विचारू लागले.

सुगंध आम्ही घालत नाही, मागणी असूनही. सध्या सोडियम कोकोइल आयसेथिओनेट या सौम्य, मळ काढणाऱ्या घटकाची वडी करतोय. ती साबण नाही, त्यामुळे जड पाण्यात साबणासारखा थर धरत नाही. वाघोलीच्या ताईंकडे पहिल्या वड्या वापरायला दिल्या आहेत.