१८-५५ वर मिरजेचं काम : निम्म्यावरची नोंद

मंडळी, किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सवर, पैशाचं काम घ्यायचं म्हणत होतो, ते घेतलं आणि निम्म्यावर आणलंय. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला एक कारखाना, तीनेक मिनिटांची फिल्म. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता परगावच्या गिऱ्हाइकाला हातकाम दिसेल असं काहीतरी त्यांना हवंय. मी सांगलीत राहतो, त्यामुळे उजेड बघून उठायचं आणि जायचं, एवढं सोपं आहे.

लेन्स कॅननची १८-५५ एमएम (१८ ला रुंद दृश्य, ५५ ला जवळचं) आयएस एसटीएम, २०१३ सालची; आयएस म्हणजे थरथर सावरणारी सोय, एसटीएम म्हणजे फोकसची मोटर. कागदावर एफ/३.५ ते ५.६ (आकडा लहान तेवढा उजेड जास्त), पण मी ती सरळ ५.६ ची लेन्स आहे असं धरून चालतो. १८ ला ३.५ मिळतं म्हणून वापरावं, तर ५५ ला जाताच उजेड घसरतो आणि टाइमलाइनवर दोन शॉट शेजारी लावले की सावत्र वाटतात. २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबखालीही चित्र लुकलुकत नाही.

कारखान्याला रस्त्याकडे दार आणि मागे अंधार. एलईडी पॅनल दाराच्याच बाजूने, पांढऱ्या कापडाआडून लावला, म्हणजे दाराचाच उजेड वाढल्यासारखा दिसतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० ला भागलं.

आता खरी मजा. या लेन्सची जी बाजू कुणी बोलत नाही ती म्हणजे जवळचं काम. २५ सेंटिमीटरवर ती फोकस करते आणि ५५ ला ०.३६ पट मोठं दाखवते. माझ्या कॅमेऱ्याच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर याचा अर्थ असा, की सव्वासहा सेंटिमीटर रुंदीची वस्तू अख्खी फ्रेम भरते. सगळे ज्याची आरती ओवाळतात त्या ५० एमएम एफ/१.८ एसटीएमला हे ०.२१ वरच थांबतं, म्हणजे फ्रेममध्ये साडेदहा सेंटिमीटर. तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानस फिरते, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकतो आणि एका जागी आवाज एकदम फुलतो: जवारीचं, म्हणजे घोडी घासून आवाज जुळवायचं, हे काम मला किट लेन्सनेच दिलं. आणि ‘५.६ ला पार्श्वभूमी धूसर होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: एवढ्या जवळून स्पष्ट पट्टा दोन-तीन मिलिमीटरचाच उरतो. धागा स्पष्ट, त्याच्यामागची तार गेली. उलट एफ/८ करावं लागलं आणि पॅनल आणखी जवळ ओढावा लागला. लेन्सचं तोंड वस्तूपासून वीतभरही लांब नसतं, समोरून उजेड टाकला की लेन्सचीच सावली पडते. पॅनल आडवा, घोडीच्या उंचीवर ठेवला, तर कानशीचे ओरखडेसुद्धा उठून दिसले. कारागीर चाचा मॉनिटरमध्ये बघून म्हणाले, “अहो, हे तर मलाबी असं दिसत नाही.” तीच पावती.

एसटीएमची फोकस रिंग थेट काचा हलवत नाही, विजेवर मोटरला सांगते; कॅमेरा झोपला की तीही झोपते. खुणा नाहीत, त्यामुळे एका जागेहून दुसरीकडे फोकस ओढणं नशिबावर. मी कॅमेरा स्लायडरवर हलवतो, फोकस हलवत नाही. चालू शॉटमध्ये झूम तर नकोच, फोकस सरकतो.

१८ ला कडेच्या रेषा बाहेर फुगतात. इतर कुठे चाललं असतं. इथे तंबोऱ्याची दांडी कडेला आली की वाकलेली दिसते, आणि वाद्य विकणाऱ्याला वाकडी दांडी दाखवून चालेल का? आख्खं वाद्य ३० च्या आसपास, मागे सरकून.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. जवारी लावताना खोलीत इतकी शांतता असते, की कॅमेऱ्याच्या माइकमध्ये आयएसची घरघर येते. ट्रायपॉडवर आयएस बंदच.

कृष्णेच्या घाटावरचे शॉट दुपारी घ्यावे लागले. आयएसओ १०० आणि १/५० ला कडक उन्हात एफ/२२ लागतं, आणि तिथे विवर्तनाने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळं मऊ पडतं. एनडी१६, म्हणजे उजेड सोळापट कमी करणारी काळी काच, लावून चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) खाली, परत ५.६.

एका जागी मात्र मी नाही म्हणालो. कारखानेवाल्यांना रात्रीच्या मैफलीत तंबोरा वाजतानाचा शॉट हवाय. तिथे मी पॅनल लावू शकत नाही, आणि एफ/१.८ ला ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड मिळतो. हट्टाने किट लेन्स लावून आयएसओ १२८०० चा रवा (दाणेदार चित्र) त्यांच्या माथी मारण्यात शहाणपण नाही. त्या रात्रीसाठी ५० एमएम भाड्याने आणतोय, भाडं बिलात.

राहिलंय ते भोपळ्यावरचं नक्षीकाम आणि पॉलिश. पॉलिशवर पॅनलचं प्रतिबिंब चौकोनी पडतं, त्यासाठी पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) बघतोय. ५८ एमएमचा स्वस्तातला कुणी वापरला असेल, तर रंग पिवळा पडतो का तेवढं सांगा.