वरचं जुनं की खालचं नवं?

सेकंडहँड सिडान बघायला लागलं की एक शब्द कानावर आदळायला लागतो: टॉप, म्हणजे सगळ्यात वरचं, सगळ्या सोयींचं मॉडेल. "ताई, टॉप आहे, डोळे झाकून घ्या." गाडी कुणाची, किती फिरली, पासिंग कधीचं, हे सगळं नंतर. मी कराडला मेडिकल चालवते. माल घेताना डोळे झाकायची सवय नाही, त्यामुळे एजंट मंडळींशी माझं फारसं जमलं नाही.

आमची गरज साधी होती. पेट्रोल, हाताचा गिअर, सात लाखांच्या आत. माझं माहेर चिपळूणचं, म्हणजे वर्षातून बऱ्याचदा कुंभार्ली घाट. मागे मामंजी बसणार, त्यांचे गुडघे गेलेले. गुडघेदुखीवाल्याला एसयूव्ही बरी, असं सगळेच सांगतात. पण मामंजींना पाय वर उचलून चढणं जमत नाही, आणि बसल्यावर पाय लांब करायला जागा लागते. म्हणून सिडान. होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई व्हर्ना हीच नावं समोर होती. आमच्या ह्यांनी "तू बघ, मी सही करतो" म्हणून अंग काढून घेतलं.

नव्या गाडीचं व्हेरिअंट निवडणं सोपं. एकच शोरूम, एकच वर्ष, पैसे टाकाल तेवढं वर चढता. जुन्या बाजारात तसं होत नाही. होंडा सिटीची मॉडेलं खालून वर एसव्ही, व्ही, व्हीएक्स, झेडएक्स अशी. तिथे २०१७ च्या व्हीएक्सची लढत २०१७ च्या व्हीशी नसते, ती असते २०१९ च्या एसव्हीशी. तेवढ्याच पैशांत एकीकडे छताला काच, कातडी सीट आणि नव्वद हजार किलोमीटर, दुसरीकडे साधी सीट आणि चाळीस हजार. प्रश्न खरा तो आहे, आणि एजंट नेमका तोच टाळतात.

सिटीचा आकडा घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्या चेहऱ्याची सिटी आली तेव्हा पेट्रोलचे भाव दिल्ली एक्स-शोरूम साडेआठ लाखांपासून साडेतेरा लाखांपर्यंत होते. मधली व्ही दहा लाखांना दहा रुपये कमी अशी, आणि तिच्यावरची व्हीएक्स ११ लाख ६५ हजारांच्या आसपास. वरच्या पैशांत सनरूफ, लेदर सीट आणि पंधराऐवजी सोळा इंची चाकं. इंजिन तेच, दीड लिटरचं, ११९ पीएस ताकदीचं. मला त्याच साली निघालेल्या दोघी दाखवल्या तेव्हा एक लाख पासष्ट हजारांच्या त्या फरकाचे चाळीस-पन्नास हजार उरले होते. ऐकायला फायद्याचा सौदा वाटतो. भाचा तर लगेच म्हणाला, "मामी, एवढ्यात सनरूफ? घेऊनच टाक."

पण आमच्या धंद्यात एमआरपीच्या आधी एक्स्पायरी बघतात. नव्या गाडीतलं लेदर आणि सात-आठ वर्षांनंतरचं लेदर ह्या दोन वेगळ्या वस्तू. ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या कडेवर हात फिरवा. उतरताना-चढताना मांडी तिथेच घासते. माझ्यासमोरच्या व्हीएक्सला तिथे बारीक भेगा होत्या आणि त्यांत काळं पॉलिश भरलेलं होतं, माझ्या बोटाला लागलं. सोळा इंची चाक दिसतं देखणं, पण १८५/५५ चा टायर, म्हणजे रबराची भिंत बुटकी. पाटणच्या पुढे पावसाळ्यात रस्त्याची जी अवस्था होते, ती बघता खड्ड्याचा दणका थेट रिमला. व्हीच्या पंधरा इंची १७५/६५ टायरला भिंत जास्त उंच. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने सोळा इंची घ्यावेत की. मला घाट आहे.

सनरूफबद्दल आमच्या गॅरेजवाल्याचं मत एका वाक्याचं: "वहिनी, ते टपाला पाडलेलं भोक आहे." जरा जास्तच झालं, पण मुद्दा खोटा नाही. सनरूफच्या काचेचं रबर सगळं पाणी अडवत नाही, ते अडवण्यासाठी नसतंही. आत आलेलं पाणी काचेभोवतीच्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, खांबांच्या आतून खाली जाऊन गाडीबाहेर पडतं. झाडाखाली लावलेल्या गाडीच्या ह्या नळ्या पानांच्या चुऱ्याने तुंबतात. मग पाणी छताच्या अस्तरात शिरतं, नाहीतर पायाखालच्या मॅटखाली जातं, आणि मालकाला वाटतं एसी गळतोय. तपासायला मेकॅनिक लागत नाही. सनरूफ उघडायचं, पन्हाळीच्या पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतायचं आणि पुढच्या चाकाजवळ वाकून बघायचं. खाली धार लागली तर ठीक. मी ओतलं तेव्हा एका बाजूला लागली, दुसऱ्या बाजूला पाणी तसंच तुंबून राहिलं. एजंट म्हणाला, "ताई, असं कोण बघतं?" मॅट उचलल्यावर वास आला तो मात्र त्यालाही आला. नळी साफ होते, फार खर्च नाही. पण मॅटखालच्या ओल्या फेल्टजवळून, म्हणजे जाड कापडी थराजवळून, वायरिंग गेलेलं असतं, आणि तिथे काय झालंय ते दिसत नाही.

म्हणजे वरचं मॉडेल घेऊच नये का? तसं अजिबात नाही. माझा नियम एवढाच: जे नंतर बसवून घेता येतं, त्याला जास्त पैसे मोजू नयेत. अ‍ॅलॉय, मागचा कॅमेरा, स्क्रीन, सीट कव्हर, सगळं कोल्हापुरात कुठेही मिळतं. एअरबॅग मिळत नाही. सिटीच्या ह्या पिढीत सहा एअरबॅग फक्त झेडएक्सला. २०१७ च्या व्हर्नात त्या वरच्या एसएक्स(ओ) ला. सियाझच्या अगदी वरच्या अल्फालाही दोनच. जास्त पैसे टाकायचेच तर मी ते झेडएक्ससाठी टाकले असते, पण पेट्रोलमध्ये ती सुरुवातीला फक्त ऑटोमॅटिक होती, हाताचा गिअर २०१९ मध्ये आला, आणि तशी गाडी माझ्या पैशांत बसेना. ज्यांच्या बजेटमध्ये ह्याच पिढीची, पण २०१४ ते २०१६ मधली सिटी येते त्यांनी एक लक्षात ठेवावं: २०१७ च्या बदलानंतर दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सगळ्या सिटींना आले. त्याआधीच्या खालच्या मॉडेलमध्ये क्लीनर साइडच्या डॅशबोर्डवर एसआरएस ही एअरबॅगच्या खुणेची अक्षरं आहेत की नुसतंच प्लॅस्टिक, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इथे खालचं नवं हे खालच्या जुन्याला सरळ मागे टाकतं.

आणि अक्षरं नीटच बघा. कारण डिकीवरचा बिल्ला कुणीही चिकटवतं. एका ठिकाणी मला 'झेडएक्स' दाखवली. बिल्ला झेडएक्सचा, अ‍ॅलॉय चकचकीत, सीटवर टॅन रंगाची कव्हरं. छताला काचच नव्हती. विचारलं तर म्हणे, "ह्या लॉटला सनरूफ नव्हतं." मग मी मधल्या खांबाच्या वरच्या टोकाला, अस्तर जिथे सुरू होतं तिथे बोट नेलं. खिडकीवरून पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असल्या की तिथे प्लॅस्टिकवर एसआरएस एअरबॅग कोरलेलं असतं, आणि पुढच्या सीटच्या दाराकडच्या शिवणीत छोटं कापडी लेबल असतं. खांब कोरा होता. कव्हर सरकवून सीटची कड बघितली, तिथेही काही नाही. आरसी मागितली. मॉडेलच्या रकान्यात बहुतेक वेळा व्हेरिअंटही छापलेलं असतं, ह्यात एसव्ही होतं. विम्याच्या कागदावरही एसव्हीच. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मग एसव्हीच्या भावात घ्या." त्या शांतपणाचंच मला नवल वाटलं.

सिटीपुरती आणखी एक खूण सांगते. २०२० च्या जुलैत पाचव्या पिढीची सिटी आली, तरी चौथी बंद झाली नाही, फक्त एसव्ही आणि व्ही एवढ्या दोनच व्हेरिअंटमध्ये विकली जात राहिली. तेव्हा २०२१ चं उत्पादन असलेली जुन्या चेहऱ्याची 'टॉप' कुणी दाखवली तर चहा प्यावा आणि निघावं.

खऱ्या सहा एअरबॅगवाली गाडी मिळाली तर दोन गोष्टी. सीटच्या कडेला एअरबॅग असेल आणि वरून घट्ट शिवलेलं कव्हर चढवलं असेल, तर ती फुगणार कुठून? कव्हर आधी काढा. दुसरं, चावी फिरवल्यावर मीटरमधला एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड. आणि लागलाच नाही तर आणखी वाईट, कुणीतरी तो लागू नये म्हणून हात घातलाय. अपघातात फुटलेल्या एअरबॅग बदलायला फार पैसे लागतात, दिवा बंद करायला लागत नाहीत.

सियाझचं गणित वेगळं निघालं. सनरूफ कुठल्याच मॉडेलला नाही, त्यामुळे भाच्याचा विषय आपोआप मिटला. ऑगस्ट २०१८ मध्ये १.४ चं इंजिन जाऊन दीड लिटरचं आलं, ९२ पीएसचे १०५ झाले, आणि तेच इंजिन सगळ्यात खालच्या सिग्मापासून वरच्या अल्फापर्यंत. भावही तेव्हा ८ लाख १९ हजार ते १० लाख ९७ हजार, म्हणजे वरच्या-खालच्यातलं अंतर सिटीपेक्षा बरंच कमी. त्यामुळे इथे व्हेरिअंटच्या अक्षरापेक्षा ऑगस्ट २०१८ च्या आधीचं की नंतरचं, हे महत्त्वाचं. त्याच पैशांत २०१७ ची अल्फा मिळत होती, आत सगळं झगमगीत. भरलेल्या डिकीने कुंभार्ली चढताना झगमगाटाचा काय उपयोग? आणि पासिंगच्या तारखेवर विसंबू नका. आरसीवर उत्पादनाचा महिना वेगळा दिलेला असतो. शोरूममध्ये पडून राहिलेली जुन्या इंजिनाची गाडी नंतर पासिंग झालेली असू शकते.

मामंजींना मात्र ह्यातलं काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी प्रत्येक गाडीत मागे बसून पाय पसरले, मागचा एसीचा वारा तोंडावर घेतला आणि निकाल दिला. सियाझमध्ये बसल्यावर ते उतरायलाच तयार होईनात.

शेवटी घेतली ती विट्याच्या एका प्राध्यापकांची, २०१९ ची सियाझ झीटा, अल्फाच्या एक पायरी खालची. एकहाती, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी सलग. अल्फाची सोळा इंची चाकं आणि लेदर नाही, त्याचं मला सुखच आहे. त्यांचं कर्ज फिटलेलं होतं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, म्हणून आधी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घेतला, मग टीटीचे, म्हणजे गाडी नावावर करायचे, फॉर्म २९ आणि ३० ह्यांवर सह्या. टायर चारही बदलायला झाले होते, तेवढे पैसे किमतीतून वळते केले. ह्यांनी ठरल्याप्रमाणे सही केली.

भाच्याने सोळा इंची अ‍ॅलॉयच्या दोन लिंक पाठवल्या आहेत. मी अजून उघडलेल्या नाहीत.