योगेश्वरचं पदक आणि बेसिक कुदुखोव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आपला पैलवान योगेश्वर दत्त, त्याचं २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचं पदक कांस्यच आहे. रौप्य झालेलं नाही, आणि सोनं तर नाहीच नाही. तालमीतली पोरं, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणे, कुस्तीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: "तो रशियाचा पैलवान डोपिंगमध्ये सापडला होता ना, मग आपलं पदक वर गेलं की नाही?" २०१६ साली त्या बातम्यांचा एवढा गाजावाजा झाला की लोकांच्या डोक्यात त्या पक्क्या बसल्या. पुढे त्यावर काय निर्णय झाला, तिकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

एवढ्यावर उत्तर संपायला हरकत नाही. पण "तो रशियाचा पैलवान" एवढीच त्याची ओळख आपल्याकडे उरली आहे, हे मला खटकतं. त्याचं नाव बेसिक कुदुखोव. चार वेळचा जगज्जेता.

रशियाचा म्हणणं तसं चूक नाही, तो लढायचा रशियाकडूनच. पण होता ओसेशियन. कॉकेशस पर्वताच्या उत्तर अंगाला उत्तर ओसेशिया, ते रशियात, राजधानी व्लादिकावकाझ. दक्षिण अंगाला दक्षिण ओसेशिया, ते सोव्हिएत काळात जॉर्जियात होतं. कुदुखोवचा जन्म दक्षिणेकडचा, १५ ऑगस्ट १९८६ चा. उत्तर ओसेशियाची लोकसंख्या सात लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या चौथाईसुद्धा नाही. आणि पैलवान बघा. वजनदार गटात १९७६ आणि १९८० ची सुवर्णपदकं घेणारा सोस्लान आंदिएव तिथला. १९८८ आणि १९९२ ला लागोपाठ सुवर्ण, शिवाय सहा वेळा जगज्जेता झालेला अर्सेन फादझाएव तिथला. त्याच दोन ऑलिम्पिकमध्ये ९० किलोत सोनं घेणारा माखारबेक खादार्त्सेवही तिथलाच. २००० साली सिडनीत १३० किलोची फायनल झाली, तेव्हा रशियाकडून डेव्हिड मुसुल्बेस आणि उझबेकिस्तानकडून आर्तुर तैमाझोव उभे होते. दोघेही उत्तर ओसेशियाचे! एका वजनात एका देशाचा एकच पैलवान जातो, त्यामुळे ज्याला रशियाच्या संघात जागा मिळत नाही तो दुसऱ्या देशाकडून उतरतो. रशियाच्या निवड स्पर्धेत कॉकेशसमधल्याच दागेस्तानची पोरं असतात, ओसेशियाची असतात, आणि तिथून वर येणं हे कित्येकदा जागतिक स्पर्धेपेक्षा अवघड असतं. कुदुखोव तिथून वर्षानुवर्षं वर येत राहिला.

५५ किलोपासून त्याने सुरुवात केली. २००७ ला बाकूमध्ये जगज्जेता झाला, वय एकवीस. पुढच्या वर्षी बीजिंग. ८ ऑगस्टला ऑलिम्पिकचं उद्घाटन आणि त्याच सुमाराला दक्षिण ओसेशियात युद्ध पेटलेलं. रणगाडे, बॉम्ब, त्स्खिनवाली शहराची वाताहत, सगळं त्याच आठवड्यात. जन्मगावाकडे हे चाललेलं असताना हा पोरगा वजन उतरवत होता. १९ ऑगस्टला तो गादीवर उतरला आणि कांस्य घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच गादीवर आपल्या सुशीलकुमारने ६६ किलोत कांस्य घेतलं, त्यामुळे आपल्याला ते बीजिंग सुशीलचं म्हणून आठवतं.

मग त्याने वजनगट बदलला. ५५ वरून ६० ला आला आणि २००९, २०१०, २०११ असे सलग तीन जागतिक किताब मारले: हर्निंग, मॉस्को, इस्तंबूल. २०१० च्या मॉस्कोत आणखी एक गंमत आहे. त्याच स्पर्धेत सुशीलने ६६ किलोच्या फायनलमध्ये अलान गोगाएवला हरवून भारताचं पहिलं जागतिक सुवर्ण आणलं. हा गोगाएवही ओसेशियनच. वजन वाढवून वरच्या गटात जाणारे पैलवान पुष्कळ बघितलेत. वर गेल्यावर समोरचा अंगाने भारी वाटतो, पूर्वी लागणारा पट (पाय धरून पाडायचा डाव) लागत नाही, वर्ष-दोन वर्षं त्यातच जातात. याचं एकही वर्ष वाया गेलं नाही.

आता लंडन. ११ ऑगस्ट २०१२. हा दिवस नीट समजून घेतलात तर तुमच्या प्रश्नाचं मर्म कळेल.

तेव्हाचे नियम आजच्यासारखे नव्हते. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो विजयी, आणि प्रत्येक फेरीचे गुण त्या फेरीपुरतेच. फेरी शून्य-शून्य सुटली की पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय आयता धरायला मिळायचा आणि तीस सेकंदांत गुण काढायचा. पाय हातात आलेला पैलवान बहुतेक वेळा ती फेरी मारायचाच. म्हणजे वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि फेरीचा निकाल चिठ्ठीवर. असला अडाणी नियम कुस्तीत दुसरा झाला नाही, असं माझं मत आहे. २०१३ ला तो गेला ते बरं झालं.

योगेश्वरने पहिली कुस्ती मारली आणि पुढच्या कुस्तीत समोर कुदुखोव आला. दोन्ही फेऱ्या गेल्या, एक गुणही मिळाला नाही. ते स्वाभाविक होतं, समोर सलग तीन वेळचा जगज्जेता होता. पण ऑलिम्पिक कुस्तीत रेपेशाज नावाचा प्रकार असतो. तुम्हाला हरवणारा जर फायनलला गेला, तर त्याच्याकडून हरलेल्या सगळ्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा लढायला मिळतं. म्हणून हरल्यानंतर आपली सगळी मंडळी कुदुखोवच्या नावाने देव पाण्यात घालून बसली. तो फायनलला गेला आणि योगेश्वरचं दार उघडलं. मग त्याने पोर्तो रिकोचा फ्रँकलिन गोमेझ काढला, इराणचा मसूद इस्माईलपूर काढला आणि शेवटी उत्तर कोरियाचा री जाँग-म्याँग. डोळा सुजून बंद झालेला, पहिली फेरी ०-१ गेलेली, दुसरी १-० आलेली. तिसऱ्यात त्याने रीचे दोन्ही पाय एकमेकांत अडकवले आणि फितले मारायला, म्हणजे त्या पायांनीच त्याला उलटवायला, सुरुवात केली. रीचं अंग गादीवर गरागरा फिरतंय आणि फलक एक-एक पल्टीला पुढे सरकतोय. ६-० आणि फेरी तिथेच संपली.

गोमेझ, इस्माईलपूर, री, तिघेही त्याच दिवशी कुदुखोवकडून हरलेले होते. कुदुखोवच्या हाताखालून गेलेल्यांमधला सर्वांत मोठा पैलवान योगेश्वर, हा त्या कांस्याचा खरा अर्थ. फायनलला मात्र कुदुखोव अझरबैजानच्या तोगरुल अस्गारोवकडून हरला. अस्गारोव अवघा एकोणीस वर्षांचा होता.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबर २०१३ ला, रशियाच्या क्रास्नोदार प्रांतात अर्मावीरजवळ गाडीच्या अपघातात कुदुखोव गेला. सत्ताविसाव्या वर्षी.

२०१६ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने लंडनचे जपून ठेवलेले नमुने नव्या पद्धतीने पुन्हा तपासले. ट्युरिनाबोल नावाचं एक जुनं स्टेरॉइड आहे, पूर्व जर्मनीने आपल्या खेळाडूंना सर्रास दिलेलं. त्याचे शरीरात फार काळ रेंगाळणारे अंश पूर्वी पकडता येत नव्हते, ते आता सापडू लागले आणि बीजिंग-लंडनच्या पदकविजेत्यांची रांगच लागली. त्यात कुदुखोवचं नाव आलं. आपल्याकडे लगेच योगेश्वरला रौप्य "मिळालं". मग काही दिवसांनी अस्गारोवही सापडल्याची आवई उठली आणि रौप्याचं सोनंही झालं! ती बातमी खोटी निघाली. योगेश्वर स्वतः मात्र म्हणाला की कुदुखोव मोठा पैलवान होता, जमलं तर ते पदक त्याच्या घरच्यांकडेच राहू द्यावं. रिओ ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच कुस्तीत हरून त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते, तेव्हा तो हे बोलला.

काही लोक समजतात की योगेश्वरने नको म्हटलं म्हणून पदक आलं नाही. तसं नाही. पदक कुणाचं हे खेळाडूच्या इच्छेवर ठरत नसतं. समितीने २०१६ संपायच्या आत प्रकरण बंद केलं, कारण मेलेल्या माणसावर कारवाई चालवता येत नाही. तो बाजू मांडू शकत नाही, खात्रीसाठी ठेवलेला दुसरा नमुना उघडताना हजर राहू शकत नाही. म्हणून निकाल होता तसा राहिला.

शेजारी तैमाझोवचं प्रकरण ठेवून बघा. २००४, २००८, २०१२ अशी तीन सुवर्णं त्याच्या नावावर होती. बीजिंगचं २०१७ ला काढून घेतलं, लंडनचं २०१९ ला, त्यातही ट्युरिनाबोलच. तोवर तो रशियाच्या संसदेत खासदार झाला होता. तो जिवंत होता म्हणून पदकं गेली, कुदुखोव गेला म्हणून पदक राहिलं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मला नियम बरोबर वाटतो. फक्त पदक राहिलं म्हणजे तो निर्दोष ठरला, असं कुणी समजू नये. सुनावणीच झाली नाही, एवढंच. त्याचे चार जागतिक किताब मी बिनदिक्कत मोजतो. लंडनचं रौप्य मोजताना अडखळतो.

आणि तो निकाल बदलला असता तर योगेश्वरइतकाच आणखी एकाचा हिशेब बदलण्याची शक्यता होती. तैमाझोवच्या १२० किलो गटात लंडनचे दोन्ही फायनलिस्ट बाद झाले, तेव्हा कांस्याची लढत हरलेल्या, म्हणजे पाचव्या क्रमांकाच्या पैलवानांना कित्येक वर्षांनी कांस्य मिळालं. ६० किलोत योगेश्वरच्या फितल्याने पाचव्या जागेवर गेलेला तो री. त्याचं काय झालं असतं, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.