कालियारीचा जीजी रिवा

फुटबॉलच्या ओढीने इटलीला जाणारा माणूस मिलान, तुरिन किंवा रोम गाठतो. मी सार्डिनिया बेटावरचे कालियारी निवडले, कारण मला जीजी रिवा या फुटबॉलपटूचे शहर पाहायचे होते. विमान एल्मास विमानतळाकडे उतरू लागले की खाली उथळ खाजणे आणि मिठागरे पसरलेली दिसतात. 1963 साली अठरा वर्षांचा रिवा या बेटावर आला, तेव्हा त्याला येथे राहण्याची मुळीच इच्छा नव्हती. मुख्य भूमीवरील इटालियनांच्या लेखी सार्डिनियात बदली होणे ही शिक्षाच होती, आणि कालियारीचा संघही त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत खेळत होता.

रिवाचा जन्म 1944 मध्ये उत्तरेकडील माज्जोरे सरोवराकाठच्या लेज्जुनो या गावी झाला. कारखान्यातील अपघाताने त्याचे वडील लहानपणीच गेले, वसतिगृहाची कडक शिस्त वाट्याला आली आणि पुढे आईचेही छत्र हरपले. अशा पोरक्या, अबोल मुलाला कालियारीतील कोळ्यांनी आणि बेटाच्या अंतर्भागातील मेंढपाळांनी आपल्या घरी जेवायला बसवले. बंदरालगतच्या मरीना वस्तीतील अरुंद गल्ल्यांतून हिंडताना हे सहज पटते, कारण तेथे अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहत नाही.

खरे आकर्षण मात्र आम्सिकोरा मैदानाचे होते. आज तेथे हॉकी खेळली जाते. ज्या संस्थेच्या नावाने हे मैदान ओळखले जाते तिने इटलीची हॉकी विजेतेपदे अनेकदा मिळवली आहेत, ही गोष्ट भारतीय पाहुण्याला सुखावणारी आहे. इतक्या आटोपशीर जागेत 12 एप्रिल 1970 रोजी कालियारीने बारीला 2-0 असे हरवून, दोन सामने शिल्लक असतानाच, इटलीचे लीग विजेतेपद निश्चित केले, यावर विश्वास ठेवणे जड जाते. प्रशिक्षक होते मान्लियो स्कोपिन्यो, ज्यांना सगळे ‘तत्त्वज्ञ’ म्हणत. त्या हंगामातील 30 सामन्यांत संघाने केवळ 11 गोल स्वीकारले, आणि स्वतः केलेल्या 42 गोलांपैकी 21, म्हणजे नेमके निम्मे, एकट्या रिवाने केले. उत्तरेतील मैदानांवर ज्यांना ‘मेंढपाळ’ आणि ‘दरोडेखोर’ म्हणून हिणवले जाई, त्यांच्या बेटावर हे विजेतेपद आले होते. त्यानंतर ते पुन्हा कधी आलेले नाही.

युव्हेंटसने रिवासाठी प्रचंड रक्कम देऊ केली आणि क्लबची तयारी असतानाही त्याने जाण्यास नकार दिला. एकाच क्लबशी एकनिष्ठ राहिलेले इटालियन खेळाडू म्हटले की आपल्याकडे प्रथम पाओलो माल्दिनी आठवतो. त्याची थोरवी वादातीत आहे. परंतु ज्या मिलानने त्याला पाच युरोपियन करंडक दिले, ते मिलान सोडण्याचे त्याला कारणच काय होते? रोमा क्लबचा फ्रान्चेस्को तोत्ती रोममध्येच जन्मला आणि वाढला. रिवाचे तसे नव्हते. तो परक्या प्रांतातून आलेला होता, येथे थांबल्याने त्याची आणखी विजेतेपदे हुकणार हे उघड होते, आणि तरीही 1976 मध्ये दुखापतीने कारकीर्द संपेपर्यंत तो कालियारीचाच राहिला. मला त्याची निष्ठा अधिक मोलाची वाटते ती यासाठी.

देशासाठी खेळताना त्याने शरीराची मोठी किंमत मोजली. 1967 मध्ये पोर्तुगालविरुद्ध त्याचा एक पाय मोडला आणि 1970 मध्ये व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध दुसरा. निवृत्तीनंतरही त्याने कालियारी सोडले नाही. क्लबने 2005 मध्ये त्याची 11 क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. जानेवारी 2024 मध्ये याच शहरात त्याचे निधन झाले, तेव्हा बंदराकडे तोंड करून टेकडीवर उभ्या असलेल्या बोनारियाच्या बॅसिलिकेबाहेर हजारोंची गर्दी लोटली होती. त्या पायऱ्या मी चढलो तेव्हा तेथे पर्यटकांचा एक गट आणि लग्नाची छायाचित्रे काढून घेणारे एक जोडपे होते.

इटलीच्या राष्ट्रीय संघाकडून त्याने 42 सामन्यांत 35 गोल केले. मिलान, युव्हेंटस आणि इंटर या श्रीमंत क्लबांतून कितीतरी नामवंत आघाडीवीर नंतर येऊन गेले, तरी इटलीकडून सर्वाधिक गोलांचा हा विक्रम आजही कालियारीच्या या खेळाडूच्या नावावर आहे.