मनगटातला मांडा

माझ्या मनगटाचं ऑपरेशन दुर्बिणीनं का केलं, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मांड्यांची ऑर्डर द्यायला आलेल्या बाया माझं मनगट उलटसुलट करून बघतात आणि हमखास विचारतात, "दुर्बिणीनं केलं म्हणे? एवढ्याशा भोकातून काय होतं? उघडूनच करायचं ना, कायमचं काम झालं असतं."

ओसरीवरून पाय घसरला आणि उजव्या हातावर पडले. एक्स-रे काढला. हाडं शाबूत होती. मुका मार आहे म्हणाले, पट्टा दिला. पुढचं वर्ष तेल, शेक आणि चोळणं यात गेलं. त्या वर्षाचं मला अजून वाईट वाटतं. ओली साडी पिळताना, नळ फिरवताना, हात टेकून उठताना करंगळीच्या बाजूला कळ यायची आणि आत कट्‌ वाजायचं. मांडा हातांवर घेऊन मोठा करायचा तर मनगट सारखं पालथं-उताणं करावं लागतं. नेमकं तेच जमेना.

मग एमआरआय झाला. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला एक तिकोनी गादी असते, डॉक्टर तिला टीएफसीसी म्हणतात. हात फिरतो तेव्हा कोपरापासून आलेली दोन्ही हाडं मनगटाशी एकमेकांना धरून ठेवायचं काम तिचं. एक्स-रेत हाड दिसतं, ही गादी दिसत नाही. माझी कडेला फाटली होती.

ऑपरेशनला हात खांद्यापासून बधिर केला होता, मी जागी होते. बोटांना जाळीच्या टोप्या घालून हात उभा टांगला आणि खाली वजनाचा ताण दिला. तेवढ्यानं सांधा काही मिलिमीटर उघडतो. मग सलाईनचं पाणी सोडून तो फुगवतात आणि मनगटाच्या पाठीवरून, दोन शिरांच्या मधून, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घालतात. शिरा म्हणजे बोटं उचलणाऱ्या दोऱ्या. त्या कापायच्या नाहीत, त्यांच्यामधून वाट काढायची. मनगटात आठ लहान हाडं दाटीनं बसलेली असतात. उघडून करायचं तर त्यांना धरून ठेवणाऱ्या बंधांना धक्का लागतो, आणि उघडूनही दुर्बिणीएवढं मोठं, स्वच्छ दिसेलच असं नाही.

पडद्यावर मला ती गादी दिसली. पांढरी, गुळगुळीत. डॉक्टरांनी बारीक आकडीनं दाबून दाखवली. चांगली गादी ताणलेली असते, दाबली की उसळी घेते. माझी दबली ती दबलीच. मला बघताक्षणी कळलं. कणीक नीट तिंबलेली नसली की हातावरचा मांडा असाच लोळतो.

मधोमध फाटलं तर तिथं रक्त पोचत नाही, म्हणून बहुतेक वेळा तो भाग कातरून साफ करतात. कडेला रक्त असतं, तिथं टाका घातला तर जुळून येतं. मला टाके घातले.

आता भोकाचं. बाहेरची जखम चार दिवसांत विसरायला होते आणि तिथंच माणूस फसतो. आतलं जुळून यायला लागणारा वेळ काही भोकाएवढा छोटा नसतो. सहा आठवडे प्लास्टर होतं, सुरुवातीला कोपराच्याही वर, हात फिरूच नये म्हणून. पुढं काही महिने व्यायाम. त्या अख्ख्या दिवसांत सासूबाई रोज विचारायच्या, "हात कसा शे?" आणि परातीला मला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांनी अडवलं नसतं तर टाके मीच तोडले असते.

आणि प्रत्येक मनगटाला दुर्बीण लागते असंही नाही. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर तो त्रास बहुधा नसेचा, त्याचा इलाज निराळा. पण पडल्यावर करंगळीच्या बाजूचं दुखणं महिना-दीड महिन्यात हटलं नाही, तर चोळू नका. हाताच्या सांध्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरला दाखवा.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चुलीवर खापर ठेवलं. पहिले दोन मांडे सुनेनं केले. तिसरा मी घेतला. पुरता उताणा करताना शेवटी थोडं अडतं, ते अजून आहे. पण मांडा कोपरापर्यंत उतरला आणि न फाटता खापरावर पडला.