फॉरमॅट न मारता लॅपटॉप उठवला

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं आडत दुकान. मी तिथे दिवाणजी. दुकानात कॉम्प्युटरचं जे काही बिघडेल ते माझ्याच टेबलावर येतं. या हंगामात लॅपटॉपने उच्छाद मांडला. शेतकऱ्याची पट्टी करायला घेतली, हमाली-तोलाई टाकली, की मधेच ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळून निळा पडदा. बरं, दर वेळी त्यावरचा चुकीचा कोड वेगळा. कधी मेमरीच्या नावाने, कधी फाइल सिस्टीमच्या. रॅम तपासली, डिस्क तपासली, दोन्ही ठणठणीत.

हार्डवेअर धड आणि कोड रोज नवा, म्हटल्यावर संशय ड्रायव्हरवर जातो, म्हणजे एखादं उपकरण विंडोजशी जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर. एखादा ड्रायव्हर आपली हद्द सोडून दुसऱ्याच्या मेमरीत लिहून ठेवतो, स्वतः नामानिराळा राहतो आणि काही वेळाने भलताच कोणी कोसळतो. कोडमध्ये नाव येतं त्या कोसळणाऱ्याचं. अशा ड्रायव्हरला पकडायला विंडोजमध्येच ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ असतो, विंडोज २००० पासून. तो निवडलेल्या ड्रायव्हरला राखण बसवलेली वेगळी मेमरी देतो आणि हद्दीबाहेर पाऊल पडलं की त्याच क्षणी मशीन पाडतो. सौदे नव्हते त्या दिवशी मी तो लावला, मायक्रोसॉफ्टचे ड्रायव्हर सोडून बाकी सगळ्यांना. आणि रिस्टार्ट दिला.

लॉगिनपर्यंतही पोचला नाही. ठिपके गोल फिरले, ब्लू स्क्रीन, पुन्हा सुरू, पुन्हा ब्लू स्क्रीन. या वेळी कोड मात्र स्वच्छ होता: ‘ड्रायव्हर व्हेरिफायर डिटेक्टेड व्हायोलेशन’, आणि खाली ‘व्हॉट फेल्ड’ म्हणून एका डॉट सिस, म्हणजे ड्रायव्हरच्या, फाइलचं नाव. मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मला हवं होतं ते नाव हेच. आता प्रश्न एवढाच की मशीनमध्ये परत शिरायचं कसं.

अण्णा, म्हणजे आमचे मालक, मागे उभे होते. त्यांनी तोवर दुरुस्तीवाल्याला फोन लावलाही होता. पलीकडून उत्तर ठरलेलं: फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही.

“दिवाणजी, उद्या सौदे हायेत. पट्ट्या हातानं लिहायच्या का?”

“अण्णा, मशीन मेलं नाही. चाचणी चालू आहे, ती बंद करायचीय फक्त.”

सुरू होताना लागोपाठ आपटलं की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या मेनूत जातं. तिथल्या आपोआप दुरुस्तीने काही साधलं नाही, साधणारही नव्हतं, कारण मोडलेलं काहीच नव्हतं. मी आधी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडायला गेलो, कारण टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा बाहेर काढल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही हा माझा दंडक. तर तिथे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आडवं आलं. ४८ आकडी रिकव्हरी की द्या म्हणे.

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाला न सांगताच लागलेलं असतं आणि किल्ली मायक्रोसॉफ्ट अकाउंटात जाऊन बसते. आमचं अकाउंट अण्णांच्या लेकीने उघडलेलं, आणि ताई पुण्यात. फोन लावला. स्क्रीनवर कीचा आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून ताईंनी बरोबर की शोधली आणि वाचायला सुरुवात केली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट.

इथे हिशेबनिसाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. यातल्या प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. शाळेतली कसोटी आठवा: एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या, फरक शून्य किंवा ११ च्या पटीत आला पाहिजे. समजा गट ४१८२७५ आहे (आमच्या कीतला नाही!). ४, ८, ७ मिळून १९, १, २, ५ मिळून ८, फरक ११. बरोबर. मी ऐकता ऐकता कागदावर हे करत गेलो आणि एका गटाशी अडलो.

“ताई, पाचवा गट परत सांगा. हिशेब लागत नाही.”

“काका, तुम्हाला काय माहीत आकडा चुकला ते?”

सात आणि आठची अदलाबदल झाली होती.

कुलूप उघडल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नोटपॅड’ टाइप केलं. दुरुस्तीच्या त्या मेनूत फाइल्स दाखवणारी खिडकी नसते, पण नोटपॅडचं फाइल-ओपन चालतं. ‘ऑल फाइल्स’ निवडलं की सगळं दिसतं आणि तिथूनच कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकता येतं. ड्राइव्हची अक्षरं मात्र इथे बदललेली असू शकतात, सी म्हणजे सी असेलच असं नाही. टॅलीचं फोल्डर पेनड्राइव्हवर गेलं आणि अण्णांनी चहा सांगितला.

पुढचं सोपं. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. त्यात विंडोज गरजेपुरतेच ड्रायव्हर चढवतं, म्हणून ते गपगुमान उघडलं. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेरिफायर’, एक जागा सोडून ‘/रिसेट’. चाचणी बंद.

१९ जुलै २०२४ ला जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने असेच पडले होते, विमानतळांवर रांगा लागल्या होत्या. तिथेही उपाय सेफ मोडमध्ये जाऊन फाइल उडवण्याचाच होता आणि हेच ४८ आकडे कित्येकांना हाताने भरावे लागले होते. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग आपलं बरं, एकच हाय.”

आता फोटोतली फाइल. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघितले तर ती निघाली आमच्या जुन्या आडत सॉफ्टवेअरच्या डोंगलची, म्हणजे ते चालायला मशीनला लावावी लागणाऱ्या किल्लीची. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आम्ही टॅलीवर गेलो. नव्या लॅपटॉपवर जुन्या खतावण्या बघण्यापुरतं ते सॉफ्टवेअर चढवलं होतं, नंतर काढलंही. डोंगलही कपाटात. ड्रायव्हर मात्र मागे राहिला आणि रोज सकाळी विंडोजबरोबर कामावर हजर होत होता. सेफ मोडमध्ये तो चढलेला नसतो, म्हणून तिथेच ‘एससी डिलीट’ या कमांडने त्याची सर्व्हिस, म्हणजे विंडोजमधली नोंद, काढली आणि फाइलचं नाव बदलून ठेवलं. पुसली नाही, न जाणो, कधी जुनी खतावणी लागली तर.

नेहमीसारखा सुरू झाल्यावर व्हेरिफायर पुन्हा लावला, या वेळी मशीन अवचित पडलं तर तो आपोआप निघून जाईल अशा बूटमोडमध्ये. ही सोय विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून आहे. तो लावून सौद्याच्या पट्ट्या केल्या. लॅपटॉप जरा जड चालला, पण पडला नाही. संध्याकाळी व्हेरिफायर काढला आणि कीचा कागद ताईंच्या सांगण्यावरून तिजोरीत टाकला.