त्या दिवशी ट्रेडमिल सुरूच केली नाही

“फक्त पळण्याचा फॉर्म तपासून हवाय,” असं सांगून तिने वेळ घेतली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पळणाऱ्यांकडून या कामाला सगळ्यात जास्त मागणी असते. ट्रेडमिलवर पळायला लावायचं, बाजूने आणि मागून चित्रण करायचं आणि मग ते संथ करून पाय कुठे टेकतो, गुडघा किती वाकतो, कंबर एका अंगाला झुकते का, हे त्या माणसालाच पडद्यावर दाखवायचं. या तपासणीचा उपयोग होतो, पण दुखणं काय आहे ते कळल्यावर. आधी नव्हे.

ती पस्तिशीतली, सडपातळ. हाफ मॅरेथॉन तीन आठवड्यांवर आलेली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने मोबाइल पुढे केला. बरोबर पळणाऱ्या कुणीतरी मागून काढलेला व्हिडिओ होता.

“बघा ना डॉक्टर, माझी टाच आधी टेकते. त्यामुळेच जांघेत दुखतंय, असं ग्रुपमधले सगळे म्हणतात. मला पंजावर पळायला शिकवा.”

व्हिडिओ मी पाहिला, पण माझं लक्ष आधीच दुसरीकडे गेलं होतं. बाहेरून आत येताना ती उजव्या पायावर जरा कमी वेळ टेकत होती. लंगडणं म्हणावं इतकंही नाही, पण दोन पावलांचा ताल सारखा नव्हता. सरावलेल्या पळणाऱ्याचं चालणं असं नसतं.

मग मी विचारत गेले. दुखणं कधीपासून? महिनाभर होत आला. सुरुवातीला लांब पळण्याच्या शेवटी शेवटी दुखायचं, मग पहिल्या किलोमीटरपासूनच दुखू लागलं. आता जिना चढतानाही जाणवतं. “आणि रात्री कूस बदलताना?” यावर ती थांबली. “हो, जाग येते कधी कधी. पण शीर आखडली असेल ना? एक्स-रे काढलाय मी, नॉर्मल आहे.” एक्स-रे दहा दिवसांपूर्वीचा होता.

पळणाऱ्याचं दुखणं किती आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेने चाललंय हे मी आधी बघते. पळायला लागल्यावर जरा ठणकून मग मोकळं होणारं, दुसऱ्या दिवशी मागमूसही न उरणारं दुखणं बहुतेकदा स्नायूंचं किंवा स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडऱ्यांचं निघतं आणि भार कमी-जास्त करून त्यावर काम करता येतं. जे दर आठवड्याला लवकर सुरू होतं, उशिरा थांबतं आणि शेवटी झोपेतही येतं, तिथे मनात पहिला संशय हाडाचा. नडगीचंच घ्या. तळहात फिरवून ‘इथून इथपर्यंत’ असं दाखवणारा माणूस आणि एका बोटाचं टोक ठेवून ‘बरोबर इथे’ म्हणणारा माणूस या दोघांना मी कधीच सारखा सल्ला देत नाही.

तिला आडवं केलं. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये माझी मूठ ठेवून जोरात दाबायला सांगितलं. जांघेचा स्नायू दुखावला असता तर ती इथेच कळवळली असती. तिने आरामात दाबलं. स्नायूवर बोटाने चाचपलं, तिथेही काही नाही. मग उजवा गुडघा छातीकडे वाकवून मांडी हळूच आतल्या बाजूला वळवली, तशी तिने टेबलाची कड घट्ट धरली. “हेच, हेच ते दुखणं,” ती म्हणाली.

यानंतर एरवी एका पायावर उडी मारून बघायला सांगतात. ती चाचणी मी मुद्दाम केली नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्यात बसतो आणि तो गोळा हाडाच्या दांड्याला एका आखूड, तिरक्या मानेने जोडलेला असतो. धावताना जमिनीकडून शरीराला प्रत्येक पावलागणिक वजनाच्या दोन-तीन पट रेटा बसतो आणि स्नायूंची ओढ धरली तर खुब्यावर पडणारा भार त्याहून बराच जास्त होतो. त्या मानेला बारीक तडा गेला असेल, तर नेमक्या अशा एका उडीने तो पूर्ण सरकू शकतो. हाड सरकलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते आणि रक्त न मिळालेलं हाड मरतं. पस्तिशीत खुबा बदलायची वेळ येणं म्हणजे काय, हे मला तिला समजावून सांगायची पाळी येऊ द्यायची नव्हती.

“मग आता पळून दाखवू ना?” ती बूट बांधत होती.

“नाही. आज तुम्ही एक पाऊलही पळायचं नाही. चालायचंही ते कुबड्या घेऊनच.”

ती चिडली, आणि तिचं चिडणं मला समजत होतं. कित्येक महिन्यांची तयारी, सगळ्यांना सांगून झालेलं, आणि समोरची बाई म्हणते कुबड्या घ्या. नॉर्मल एक्स-रे तिने पुन्हा माझ्या हातात दिला. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेला बारीक तडा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेकदा दिसतच नाही. हाड भरून यायला लागतं तेव्हा कुठे खूण उमटते, आणि खुब्याच्या मानेत कधी कधी तीही नाही. एमआरआयवर मात्र हाडाच्या आतली सूज फार आधी दिसते. तिच्यासमोरच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला, काय काय आढळलं ते सांगितलं आणि एमआरआय लवकरात लवकर व्हावा अशी विनंती केली. क्लिनिकमधल्या कुबड्या तिच्या उंचीला लावल्या आणि उजवा पाय न टेकता कसं चालायचं ते कॉरिडॉरमध्ये तिला शिकवलं.

एमआरआयमध्ये तडा दिसला. मानेच्या खालच्या, आतल्या बाजूला, निम्म्या जाडीपेक्षा कमी. त्यातल्या त्यात हे बरं. या बाजूला हाड दाबलं जातं, त्यामुळे पायावर भार न देता ते सांधण्याची चांगली शक्यता असते. वरच्या, बाहेरच्या बाजूला हाड ताणलं जातं. तिथे तडा असेल तर सहसा शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावे लागतात. हाडांच्या डॉक्टरांनी तिला सहा आठवडे पाय टेकायचा नाही असं सांगितलं.

हे सगळं झालं कशाने? टाचेने नव्हे. लांब पल्ल्याचे बहुतेक धावपटू टाचच आधी टेकवतात, त्यात गुन्हा काही नाही. पंजावर पळायला लागलं की गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो खरा, पण तो जातो पोटरीवर, टाचेच्या कंडऱ्यावर आणि पावलाच्या लांब हाडांवर. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. म्हणून पळण्याची ढब बदलणं हाही शरीराला एक नवा भारच असतो. तो जुन्या मायलेजवर एका दिवसात चढवला तर एक दुखणं देऊन दुसरं घेतल्यासारखं होतं. तडा गेलेल्या हाडावर तर तो शुद्ध धोका.

मी तिच्याकडे पळण्याच्या नोंदी मागितल्या. कारण तिथे होतं. नव्या ग्रुपबरोबर पळायला लागल्यापासून पाचेक आठवड्यांत तिचं आठवड्याचं अंतर जवळपास दुप्पट झालं होतं. त्यातच चढाचे आणि वेगाचे सराव. विश्रांतीचा दिवस नावापुरता. हाड भाराला साजेसं घडत जातं, हे जूलियस वुल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्येच मांडलं होतं. पण घडण्याआधी ते उकरलं जातं, हे फार कुणी सांगत नाही. नवा भार आला की आधी जुनं हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्यांचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, नवं हाड भरून पक्कं व्हायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात अवस्था अशी, की रस्ता खणून ठेवलाय आणि वरून वाहतूक रोजच्यापेक्षा दुप्पट सोडली आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. दम टिकतो, वेग वाढतो, माणसाला वाटतं आपण भरात आहोत. हाड तेव्हा सगळ्यात मागे असतं.

आणखी एक प्रश्न बाकी होता. तो मी प्रत्येक पळणाऱ्या बाईला विचारते आणि विचारलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. “पाळी नियमित येते?”

“चार-पाच महिने आलेली नाही. पळणं वाढलं की असं होतंच ना? ग्रुपमधल्या दोघीतिघींचं तसंच आहे.”

असं होतं, पण ते साहजिक नाही. वजन उतरलं की वेग वाढेल म्हणून ती खाणं तोडत होती आणि पळणं वाढवत होती. पळण्यात खर्च होऊन उरलेली ऊर्जा शरीर चालवायला पुरेनाशी झाली, की शरीर काटकसर करतं आणि पाळी थांबते. इस्ट्रोजेन घटतं. हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालणारं हेच संप्रेरक. म्हणजे उकरणं वाढलं, भरणं मंदावलं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) असं नाव दिलं. पुरुषांनाही ती होते, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी धोक्याची घंटा नसते. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणीही झाली. घनता वयाच्या मानाने कमी निघाली. मला विचाराल तर तिच्या खुब्यावरचा अर्धा उपचार ताटात होता.

कुबड्यांचे आठवडे लवकर सांगून टाकते, कारण त्यात बाहेरून दिसणारं असं काही घडलं नाही. डाव्या पायाचे, पाठीचे, पोटाचे व्यायाम चालू ठेवले. मग हळूहळू वजन टेकणं, पाण्यात चालणं, सायकल. पुन्हा एमआरआय झाला, डॉक्टरांनी होकार दिला, आणि अर्धा तास भराभर चालूनही त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी काही दुखेना, तेव्हा पहिल्यांदा पळणं आलं. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, दिवसाआड.

पळण्याच्या ढबीचं काम आता, इथे सुरू झालं. ट्रेडमिलवर तिची पावलं मिनिटाला १५६ पडत होती आणि पाय शरीराच्या बराच पुढे, जवळजवळ ताठ गुडघ्याने टेकत होता. मला टाचेची काळजी नव्हती, ती या पुढे टाकलेल्या पायाची होती. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने अव्वल धावपटूंची पावलं मोजली. जवळपास सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. तेव्हापासून १८० या आकड्याची जणू पूजा होते. पण ते शर्यतीच्या वेगात पळणारे जगातले उत्तम धावपटू होते. सावकाश पळणाऱ्याला तो आकडा लादायचा नसतो. स्वतःच्या गतीवर पाचेक टक्के वाढ पुष्कळ झाली. तेवढ्यानेही पाऊल आखूड होतं, पाय शरीराच्या जवळ टेकतो आणि गुडघ्या-खुब्यावरचा भार कमी होतो. ठरावीक गतीने ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला १६४ वर लावला. “पाय कसा टेकतो ते विसरा, ठोक्यावर पाऊल टाका आणि आवाज कमी करा,” एवढंच सांगितलं. एका वेळी एकच सूचना, कारण चार सूचना डोक्यात घेऊन पळणारा माणूस आखडतो. तिची पट्ट्यावरची धपधप बऱ्यापैकी उतरली. टाच अजूनही आधीच टेकत होती, तिला मी हात लावला नाही.

त्याबरोबर आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: एका पायावर टाचा उचलणं, पायरीवरून सावकाश उतरणं, कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू वजन लावून. हे पळणाऱ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यात आधी तेच सुटतं. मी वही तपासते.

पाळी पुन्हा सुरू झाली आहे. अंतर ती आता पायरीपायरीने वाढवते, तीन आठवडे चढतं, चौथ्या आठवड्यात उतरतं, आणि खुबा दुखत नाही. तिच्याच सांगण्यावरून ग्रुपमधली आणखी एक जण पाळी बंद असल्याचं सांगत तपासायला आली, दुखणं काही नसताना. डेक्सा पुन्हा करायची आहे. ती होईपर्यंत हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलं आहे.